मदत हवी आहे: वरच्या वातावरणाचं तापमान मोजणारा इन्फ्रारेड रेडिओमीटर, डिटेक्टर थंड न करता जमेल का?

शेंगाचटणी:
नमस्कार मंडळी. सोलापुरात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट निव्वळ कागदावरचा आहे, उपग्रह सोडायचा नाहीये. (हे घरी सांगून दमलो. 2018-19 ला इथे कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले तेव्हापासून वातावरण म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना ढगात फवारणी करणारं विमानच आठवतं.)

कल्पना अशी: 600 किमीवरून छोट्या उपग्रहाने क्षितिजाकडे आडवं बघायचं आणि 60 ते 110 किमी पट्ट्यातलं तापमान कार्बन डायऑक्साइडच्या 15 मायक्रॉनच्या उत्सर्जनावरून काढायचं. नमुना म्हणून नासाच्या टाइम्ड उपग्रहावरचं सेबर हे इन्फ्रारेड रेडिओमीटर घेतलंय. 2001 च्या डिसेंबरात गेलेलं, 1.27 ते 17 मायक्रॉनमध्ये 10 चॅनल, डिटेक्टर 75 केल्विनला.

घोडं अडलंय ते या 75 केल्विनपाशी. क्रायोकूलर (डिटेक्टर अतिथंड ठेवणारं यंत्र) बसवला तर माझं विजेचं गणित कोलमडतं. सर म्हणतात, एमआयडीसीत मोटारी तपासायला थर्मल कॅमेरे वापरतात, त्यातला मायक्रोबोलोमीटर (उष्णतेने रोध बदलणारा डिटेक्टर) घे, त्याला थंड करावं लागत नाही. मला पटत नाहीये, पण त्यांच्यासमोर ठेवायला आकडे हवेत. कुणी यात काम केलंय का?

कडकभाकरी:
सरांचा मुद्दा स्वस्ताईपुरता बरोबर आहे. पण ते कॅमेरे मुळात 8 ते 14 मायक्रॉनसाठी बनवतात, कारण त्या पट्ट्यात हवा जवळपास पारदर्शक असते आणि मोटार नीट दिसते. तुला पाहिजे नेमकं उलटं, हवाच चमकते तो पट्टा. 9.6 चा ओझोन त्यात सापडेल, 15 साठी भिंग आणि फिल्टर दोन्ही बदलावे लागतील.

ते बदललेस तरी खरा त्रास पुढेच आहे. प्लांकचं सूत्र (कुठल्या तापमानाला वस्तू किती चमकते ते सांगणारं) घालून बघ: 15 मायक्रॉनवर 300 केल्विनचा पृष्ठभाग 190 केल्विनच्या पृष्ठभागापेक्षा साधारण साडेसहा पट जास्त उजळ असतो. मेसोपॉजची (तुझ्या पट्ट्यातल्या सगळ्यात थंड थराची) हवा 190 च्या आसपास, शिवाय 100 किमीवर ती इतकी विरळ की पूर्ण कृष्णवस्तूसारखी (त्या तापमानाला शक्य तेवढी) चमकतच नाही. म्हणजे तुझी दुर्बीणच सिग्नलपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश देणार. चॉपर (प्रकाश ठरावीक वेगाने अडवणारी फिरती चकती) लावून ती पार्श्वभूमी वजा होते, तिचा नॉइज वजा होत नाही. भरीला पृथ्वीचा गरम गोळा तुझ्या दृष्टिक्षेत्राच्या जेमतेम खाली असतो, त्यामुळे आरसे अतिशय स्वच्छ आणि बॅफल (बाजूचा प्रकाश अडवणारा आडोसा) चोख लागतं.

शेंगाचटणी:
म्हणजे दुर्बीणही थंड करायची? जुन्या यंत्रांसारखा गोठवलेला वायू बरोबर नेला तर? वीज तरी वाचेल.

कडकभाकरी:
निंबस-7 उपग्रहावरच्या लिम्स या यंत्राने तेच केलं होतं. ऑक्टोबर 1978 ला गेलं, मे 1979 ला गोठवलेला मिथेन-अमोनिया संपला आणि मोजणी बंद. सेबरला छोटा पल्स-ट्यूब कूलर दिला म्हणून ते 20 वर्षांहून जास्त चाललं. दुर्बिणीसाठी मात्र वीज लागत नाही, अवकाशाकडे तोंड केलेला रेडिएटर पुरतो. 220 केल्विनपर्यंत आणलीस तरी तिची स्वतःची चमक 300 च्या मानाने तिसऱ्या हिश्शाहून खाली येते.

रात्रपाळी:
उशिरा आलो. दादा, भांडण डिटेक्टरशी नाही, तरंगलांबीशी आहे. 15 मायक्रॉनचा हट्ट का? साधारण 75 किमीच्या वर कार्बन डायऑक्साइडचे रेणू स्थानिक तापमानाप्रमाणे चमकत नाहीत, टक्करी कमी पडतात. सरळ प्लांक उलटं करून तापमान काढलंस तर भलतंच येईल. अणुरूप ऑक्सिजनशी होणाऱ्या टक्करींचा दर घालावा लागतो, आणि त्याचा प्रयोगशाळेतला आकडा वातावरणातून काढलेल्या आकड्यापेक्षा काही पट कमी येतो, हा जुना वाद आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टला हे जड जाईल.

त्यापेक्षा हायड्रॉक्सिल (OH) रेणूंची रात्रीची चमक घे, 1.6 मायक्रॉनची. तिचा थर 87 किमीच्या आसपास असतो. रेणूंच्या फिरण्यातून येणाऱ्या वर्णरेषांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून तापमान निघतं. इनगॅस (InGaAs, इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड) डिटेक्टर 1.7 पर्यंत बघतो, त्याला थर्मोइलेक्ट्रिक कूलर पुरतो, आणि 300 केल्विनची दुर्बीण त्या तरंगलांबीला जवळपास काळीच असते. तोटा एकच आणि मोठा: 60 ते 110 विसर, एका थराचंच तापमान मिळेल, तेही रात्री.

शेंगाचटणी:
हे सरांना पटेल असं वाटतंय. आता नवीन भीती. 600 किमीवरून 85 किमीची स्पर्शरेषा सुमारे 2,600 किमी लांब पडते, म्हणजे उंचीत 1 किमीची चूक म्हणजे 0.022 अंश. छोट्या उपग्रहाला स्टार ट्रॅकर (तारे बघून दिशा ठरवणारा कॅमेरा) असला तरी कंपनं धरून एवढी अचूकता टिकते का? सेबर कार्बन डायऑक्साइडच्या रुंद आणि अरुंद चॅनलवरून दाब काढून उंची पक्की करतं, माझ्याकडे आता ते चॅनलच राहणार नाहीत. थराचं शिखर 87 किमीला धरून उंची लावली तर परीक्षक धरतील का?

रात्रपाळी:
धरतील. शिखर 87 ला बांधलेलं नसतं, हंगामाने आणि भरती-ओहोटीच्या लाटांनी काही किमी हलतं. उंची ताऱ्यांवरूनच घे: त्याच डिटेक्टरवर चौकटीच्या वरच्या भागात तारे येतात का, तेवढं क्षेत्र आधी मोजून इथे टाक.