लोकसंख्येचं संक्रमण (आधी मृत्युदर, मग जन्मदर उतरणं): कुणाला शतक लागलं, कुणाला वीस वर्षं. असं का?

घोडबंदरकर: जन्म कमी झाले की म्हाताऱ्यांचा वाटा वाढतो, त्यावरून वेग कळतो. एकूण लोकसंख्येत पासष्टीपुढच्यांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ वर जायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षं लागली, जपानला साधारण २५, दक्षिण कोरियाला १८. माझ्या मते जो उशिरा निघतो तो झपाट्याने जातो. युरोपात मृत्युदर नळाचं पाणी, गटारं, आहार यांच्या चालीने उतरला. आशियाला लसी आणि पेनिसिलिन तयार मिळाले.

वाशी सेक्टर १७: साफ असहमत. त्याने मृत्युदर उतरतो, जन्मदर नाही. लसी नायजरलाही मिळाल्या, तरी तिथे बाईमागे सहाच्या आसपास मुलं आहेत. केरळचा हा बाईमागे मुलांचा दर ऐंशीच्या दशकाअखेरीस २.१ च्या खाली आला (२.१ म्हणजे पुढची पिढी आईबापांएवढीच). बिहार २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही ३.० वर. देश एक, केंद्राचा कुटुंबनियोजन कार्यक्रम एक. फरक मुलींच्या शाळेचा आणि लग्नाच्या वयाचा.

घोडबंदरकर: मग बांगलादेश? सत्तरच्या दशकात दर सातच्या घरात, १९९३-९४ मध्ये ३.४. तेव्हा बायकांची साक्षरता बेताचीच होती. कार्यकर्त्या घरोघरी गर्भनिरोधक गोळ्या पोचवत होत्या, त्याचा हा परिणाम.

वाशी सेक्टर १७: पुढचे आकडेही सांगा की! २००० पर्यंत तो ३.३ वरच अडकला होता. नको असलेली मुलं गोळ्यांनी टळतात. दोनच हवीत हे गोळी ठरवत नाही. २०११ ला २.३ झाला, तोवर मुली माध्यमिक शाळेत पोचल्या होत्या.

कळव्याचा: मग आपला ठाणे जिल्हा का फुगला? २००१ मध्ये ८१ लाख, २०११ मध्ये १ कोटी १० लाख.

बेलापूर: मुख्यतः स्थलांतराने. पालघर तेव्हा ठाण्यातच होतं, हेही धरा. आणि अशा ठिकाणी हजारी जन्मदर (हजार लोकांमागे वर्षाला जन्म) बघूच नका: विशी-तिशीतले लोक भरले की तो आपोआप चढतो. १५ ते ४९ वयाच्या बायकांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करा, प्रत्येकात बाईमागे वर्षाला किती जन्म ते काढा, बेरजेला पाचाने गुणा. हा एकूण प्रजनन दर, म्हणजे वर जो बाईमागे मुलांचा दर म्हटला तोच. महाराष्ट्राचा २०१९-२१ च्या पाहणीत १.७ होता. फक्त बाळंतपणं पुढे ढकलली जात असतील तर हाही काही वर्षं खरा आहे त्याहून कमी दिसतो.

घोडबंदरकर: शाळेचा मुद्दा अर्धा मान्य. पण चीन? १९७० ला साडेपाचच्या वर, १९७९ ला पावणेतीन. एकच मुलाचा नियम त्यानंतरचा.

वाशी सेक्टर १७: नियम नंतरचा, सक्ती नव्हे. 'उशिरा लग्न, जास्त अंतर, कमी मुलं' ही मोहीम सत्तरच्या दशकातलीच.