मदत हवी आहे: व्याज नको, गुंतवणूक हवी (शुक्रवारपर्यंत)

सावित्री_खाडी: मंडळी, घाई आहे. माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, दुकानदारांना जकातीचा (इस्लाममधल्या वार्षिक दानाचा, नाक्यावरच्या कराचा नव्हे) हिशेब काढून देणारं ॲप बनवतो. सोबत पीएचडी चालू आहे, विषय इस्लामी व्यापारी कायद्यातली भागीदारी. एक गुंतवणूकदार पैसे द्यायला तयार आहे, पण कन्व्हर्टिबल नोटवर, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या कर्जावर. चौथ्या कलमात वार्षिक ८ टक्के व्याज. "पुढे त्याचे शेअरच होणार, व्याज नावापुरतं," असं त्याचं म्हणणं. नावापुरतं असलं तरी सही माझीच ना? दिवसभर जे वाचतो, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी सही करणं मला जमणार नाही.

मुदारबा (एकाचे पैसे, दुसऱ्याची मेहनत, नफा वाटून) करावा म्हटलं, तर आम्ही शाफई पंथाचे. आमच्याकडे त्याला किराद म्हणतात आणि तो व्यापारापुरताच, म्हणजे खरेदी-विक्रीपुरता. १३व्या शतकात शाफई कायदेपंडित इमाम नववींनी उदाहरणच दिलंय: गहू घे, दळ, भाकरी भाजून विक, असा किराद चालत नाही. मग कोड लिहून विकणं हा व्यापार, की भाकरी भाजणं? यावर दोन रात्री झोप नाही. दुसरा मार्ग सुचवा.

हिशेबनीस: कुठल्या देशात आहात? रक्कम किती?

घाटमाथा: आठ टक्के काही जास्त नाही. गृहकर्ज सगळेच घेतात. आधी धंदा उभा राहू द्या.

सावित्री_खाडी: गृहकर्जाबद्दल विचारलेलं नाही. इंग्लंड, लेस्टर. ५० हजार पौंड.

सिलिकॉन_मावळा: सरळ सेफ करा, म्हणजे आज पैसे, शेअर पुढे. हा करार वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी स्टार्टअप गुंतवणूक कंपनीने २०१३ मध्ये आणलं. व्याज नाही, परतफेडीची मुदत नाही. मी दोनदा वापरलंय.

हिशेबनीस: ते अमेरिकेत. इंग्लंडात नव्या कंपनीत पैसे घालणाऱ्याला एसईआयएस या सरकारी योजनेखाली ५० टक्के आयकर सवलत मिळते, पण ती शेअरवर, कर्जावर नाही. आणि नोट म्हणजे कर्जच. त्याऐवजी ॲडव्हान्स सबस्क्रिप्शन ॲग्रीमेंट करा, म्हणजे शेअरचे पैसे आगाऊ, शेअर नंतर. सवलत हवी तर त्यात व्याज चालत नाही, पैसे परत मागता येत नाहीत, ६ महिन्यांच्या आत शेअर द्यावे लागतात. तुम्हाला नको तेच करखात्यालाही नको आहे, हे गुंतवणूकदाराला दाखवा.

मुंब्रा_फास्ट: पण शेअरचा भाव आज ठरतच नाही! भाव माहीत नसताना पैसे घ्यायचे म्हणजे गरर, व्यवहारातली निषिद्ध अनिश्चितता. आजच किंमत ठरवा, शेअर द्या, नफातोटा दोघांचा. सरळ शिर्कत, म्हणजे भागीदारी.

सिलिकॉन_मावळा: दोन माणसांच्या कंपनीची किंमत आज कोण ठरवणार? म्हणून तर सेफ.

मुंब्रा_फास्ट: मामांनी किराणा दुकानात भागीदार घेतला तेव्हा तराजूपासून रिकाम्या डब्यांपर्यंत सगळं मोजून एका रविवारात आकडा लावला. कोड मोजता येत नाही, मान्य. पण दोघांना पटेल असा आकडा तर लावता येतो?

तांबडी_माती: सावित्री खाडी म्हणजे बाणकोटचे का? माझं आजोळ वेसवी! बागमांडल्याच्या फेरीबोटीत किती उन्हाळे गेले.

हिशेबनीस: एक राहिलंच. व्हिसा कुठला?

सावित्री_खाडी: स्टुडंट. पगार घेत नाही, म्हणून लिहिलं नव्हतं. शेअर ६० टक्के माझे, बाकी चुलतभावाचे. तो इथलाच नागरिक.

हिशेबनीस: अहो, हे आधी सांगायचं! स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. १० टक्के किंवा जास्त शेअर असलेल्या कंपनीत नोकरीही नाही. पगार घेतला नाही म्हणून सुटका होत नाही. व्याजाचं नंतर, उद्या आधी इमिग्रेशन वकील गाठा.

घाटमाथा: पीएचडी सोडून द्या मग.

हिशेबनीस: उलट, पीएचडी झाली की ३ वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, त्यावर धंदा करता येतो. किती राहिलंय?

सावित्री_खाडी: शेवटचं प्रकरण. किरादचंच. उद्या ११ वाजता वकिलाची वेळ मिळाली आहे. गुंतवणूकदाराला आत्ताच मेल केला: नोट नको, किंमत ठरवून शेअर देईन, पण शुक्रवारी नाही, थांबावं लागेल. उत्तर आलेलं नाही. मुंब्रा_फास्ट, तो आकडा कसा लावला ते मामांना जरा नीट विचाराल का? तांबडी_माती, हो, बाणकोटच.