मदत हवी आहे: व्हेरिकोज व्हेन्ससाठी फोमचे इंजेक्शन पुरेसे आहे की आधी लेझर करून घ्यावे?

धागाकर्ता:

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या वहिनींच्या पायांविषयी सल्ला हवा आहे. त्यांचे वय ५२ वर्षे असून अंबाजोगाईत त्यांची घरगुती खानावळ आहे. सकाळी ज्वारीच्या भाकरी थापायला उभ्या राहिल्या की दुपारची शेवटची पंगत उठेपर्यंत त्या ओट्यापासून हलत नाहीत आणि संध्याकाळी पुन्हा तोच क्रम असतो. त्यांच्या डाव्या पायाच्या शिरा मांडीच्या आतल्या बाजूपासून पोटरीपर्यंत फुगून वेड्यावाकड्या झाल्या आहेत. घोट्याच्या आतील अंगाची कातडी काळवंडली असून तिथे सतत खाज सुटते. बराच काळ ते गजकर्ण समजून मलम लावणे चालू होते, परंतु त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी हा शिरांचा त्रास असल्याचे सांगितले. जखम अद्याप झालेली नाही. उजव्या पायावर केवळ बारीक निळ्या-जांभळ्या रेषा दिसतात आणि त्यांचा काही त्रास नाही.

आम्ही दोन डॉक्टरांना दाखवले. पहिल्या डॉक्टरांच्या मते फुगलेल्या शिरांमध्ये औषधाचा फेस करून इंजेक्शन दिले की शिरा आतून चिकटून बंद होतात. भरती व्हावे लागत नाही, भूल लागत नाही आणि खर्चही बेताचा येतो. लातूरच्या दुसऱ्या डॉक्टरांनी मांडीतील मुख्य शीर लेझरने बंद करून मगच खालच्या फांद्यांना इंजेक्शन द्यावे, असे सुचवले. खर्चात बराच फरक आहे. खानावळ बंद ठेवली तर तेवढे दिवस उत्पन्नही बंद, त्यामुळे घरातील बहुतेकांचा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. (एका नातेवाइकांनी जळवा लावण्याचाही आग्रह धरला होता, तो विषय आम्ही तिथेच थांबवला.)

सोनोग्राफीच्या अहवालात डाव्या मांडीच्या मुख्य वरच्या (कातडीखालच्या) शिरेची रुंदी जांघेजवळ ९ मिलिमीटर असून झडप निकामी झाल्याने रक्त उलटे वाहते, एवढेच लिहिले आहे. वहिनींना तरुणपणापासून अर्धशिशी आहे आणि डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या रेषा येतात. एवढ्या रुंद शिरेला केवळ फोम पुरेसा ठरतो का, अर्धशिशी असताना तो देणे कितपत सुरक्षित आहे आणि इंजेक्शननंतर उभ्याचे काम किती लवकर सुरू करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सोडियम टेट्राडेसिल आणि पॉलिडोकॅनॉल अशी दोन औषधांची नावे आमच्या कानावर आली आहेत. त्यांतले चांगले कोणते?

प्रतिसाद, बालाघाट:

मी शल्यचिकित्सक आहे, मात्र रुग्ण न पाहता निर्णय देता येत नाही. डॉक्टरांना काय विचारायचे ते ठरवायला उपयोग होईल, इतपतच लिहितो.

औषधाच्या नावावरून भांडण्यात अर्थ नाही. दोन्ही औषधे साबणाच्या जातीची आहेत. ती शिरेच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतात, त्यामुळे शिरेच्या भिंती सुजून एकमेकींना चिकटतात आणि पुढे काही महिन्यांत त्या शिरेचा तंतुमय दोर होऊन ती शरीरात जिरते. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट अमेरिकेत १९४६ पासून वापरात आहे. पॉलिडोकॅनॉल मूळचे जागा बधिर करणारे औषध असल्याने ते टोचताना कमी झोंबते. पातळ औषध रुंद शिरेत रक्तात मिसळून लगेच विरळ होते. फेस मात्र रक्ताला बाजूला सारून भिंतीशी टिकून राहतो, म्हणून मोठ्या शिरांसाठी फोम वापरतात. दोन सिरिंज तीन तोंडांच्या तोटीला जोडून एक भाग औषध आणि चार भाग हवा इकडून तिकडे घुसळण्याची पद्धत इटलीतील डॉ. लोरेन्झो टेसारी यांनी २००० साली मांडली. आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी फोम असाच, ऐनवेळी रुग्णाच्या खाटेशेजारी तयार होतो. एका बैठकीत एकूण फोम १० मिलिलिटरच्या आत ठेवण्याची शिफारस युरोपीय मार्गदर्शिकेत आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या वहिनींचा त्रास पोटरीवर दिसतो, पण त्याचे मूळ जांघेत आहे. वरून रक्ताचा दाब उतरत असताना केवळ खालच्या फांद्या बंद केल्या, तर काही काळाने शेजारच्या फांद्या फुगतात आणि रुग्णाला इंजेक्शन फुकट गेल्यासारखे वाटते. फोम सोनोग्राफीत पाहत मांडीतल्या मुख्य शिरेतही देता येतो, परंतु शीर जितकी रुंद तितकी ती पुन्हा उघडण्याची शक्यता अधिक. ब्रिटनमध्ये ११ केंद्रांत ७९८ रुग्णांवर फोम, लेझर आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली होती. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, तेव्हा पायांच्या त्रासाच्या दृष्टीने रुग्णांचे जीवनमान फोमपेक्षा लेझर आणि शस्त्रक्रियेनंतर चांगले आढळले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेतही मुख्य शिरेसाठी आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करणे), ते योग्य नसेल तर फोम आणि तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया, असाच क्रम आहे. म्हणून लातूरच्या डॉक्टरांचे म्हणणे मला पटते. याचा अर्थ पहिल्या डॉक्टरांनी चुकीचे सांगितले असा मात्र नव्हे. पैशांची ओढाताण असेल आणि पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागेल याची तयारी असेल, तर फोम हा खरोखरचा पर्याय आहे.

अर्धशिशीची गोष्ट आपण इथे लिहिलीत, तशी ती डॉक्टरांना सांगितली आहे का? फोममधील सूक्ष्म बुडबुडे काही जणांत हृदयाच्या पडद्यातील जन्मजात छिद्रातून डाव्या बाजूला जातात. त्यानंतर डोळ्यांपुढे चमक येणे, डोके दुखणे असा त्रास होऊ शकतो. तो बहुधा थोड्या वेळात ओसरतो. डोळ्यांपुढे रेषा येणारी अर्धशिशी असलेल्यांत असे अधिक दिसते. तेवढ्यावरून फोम वर्ज्य ठरत नाही, परंतु असे छिद्र असल्याचे आधीपासून माहीत असेल तर डॉक्टर फोम टाळतात.

एक प्रश्न माझाही आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अहवालात खोल (स्नायूंच्या आतल्या) शिरांविषयी काही लिहिले आहे का? आणि वहिनींच्या पायात पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली होती का, किंवा बाळंतपणानंतर एकच पाय अचानक सुजला होता का?

धागाकर्ता:

बालाघाट साहेब, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आपला प्रश्न घरी विचारला, तेव्हा आईंनी सांगितले की धाकट्या मुलीच्या वेळी, सव्वा महिना पूर्ण होण्याआधीच, वहिनींचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि त्या काही आठवडे अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळी वारे लागले असे समजून शेक-शेगडी वाढवली गेली, तपासणी झालीच नाही, त्यामुळे कागद कोणताही नाही. अहवालात खोल शिरांचा उल्लेखच नाही. हे दोन्ही डॉक्टरांना आम्ही सांगितलेले नव्हते, कारण कोणी विचारले नाही आणि त्याचा या दुखण्याशी संबंध असेल असे आम्हालाही वाटले नाही.

प्रतिसाद, बालाघाट:

मग इंजेक्शन आणि लेझर दोन्ही तूर्त थांबवा. त्या वेळी खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते. तशी झाली असेल आणि ती शीर अजून पुरती मोकळी झालेली नसेल, तर आज फुगलेल्या दिसणाऱ्या वरच्या शिरा कदाचित रक्त वर नेण्याचा पर्यायी मार्ग झालेल्या असतील. धरणाचा मुख्य कालवा गाळाने भरलेला असताना चाऱ्या बुजवल्या तर पाणी कुठे जाणार, तसे ते आहे. अशा पायात वरच्या शिरा बंद केल्याने सूज आणि ठणका वाढू शकतो. शिवाय पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णाला या उपचारांनंतर नवी गुठळी होण्याची जोखीम अधिक असते, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा विचार आधी करावा लागतो.

जांघेपासून पोटरीपर्यंत खोल आणि वरच्या अशा दोन्ही शिरांची कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तपासणी पुन्हा करून घ्या. उलटा प्रवाह रुग्ण उभा असताना तपासावा लागतो आणि वरच्या शिरांत तो अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकला तरच दोष मानतात. सोनोग्राफीच्या यंत्राने वरून दाबल्यावर खोल शिरा दबतात का आणि त्यांत जुन्या गुठळीच्या खुणा आहेत का, हे अहवालात स्पष्ट लिहून मागा. बाळंतपणाची हकीकत सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा. खोल शिरा मोकळ्या निघाल्या तर मी वर लिहिलेले सर्व पुन्हा लागू होते.

प्रतिसाद, मांजराकाठ:

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. माझा जन्म शाळेत फळ्यापुढे उभा राहण्यात गेला आणि मुख्य शिरेच्या लेझरनंतर पोटरीला फोमची इंजेक्शने घेतली. टोचण्याचा त्रास किरकोळ होता. नंतर मात्र पोटरीत कडक, दुखऱ्या गाठी काही आठवडे हाताला लागत होत्या. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सुईने त्यांतले अडकलेले काळे रक्त काढले, तेव्हा बराच आराम पडला. शिरेच्या वाटेवर तपकिरी डाग उमटले होते आणि ते फिके व्हायला वर्षभर लागले. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून लिहितो.

खरी परीक्षा उपचारांनंतर घालाव्या लागणाऱ्या, पायावर दाब ठेवणाऱ्या घट्ट मोज्यांची. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना आणि समोर चूल किंवा गॅस पेटलेला असताना ते मोजे घालून उभे राहणे फार जड जाते. उपचार तातडीचे नसतील तर दिवाळीनंतरचा काळ निवडावा. मोजे घेताना सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर घोटा आणि पोटरी मोजून घ्यावी, बोटे उघडी राहणारा प्रकार घ्यावा आणि चढवताना हातात रबरी हातमोजे घालावेत, म्हणजे पकड मिळते. दुकानदार देईल ते ढगळ मोजे किंवा क्रेप बँडेज यांच्या भरवशावर राहू नये.

प्रतिसाद, बालाघाट:

मांजराकाठ यांच्याशी सहमत आहे, फक्त मोजे चढवण्यापूर्वी पावलाची नाडी तपासलेली असावी, कारण धमनीचा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला घट्ट मोजे अपाय करतात.

कामाविषयीचे उत्तर राहिले होते. फोमनंतर रुग्णाला लगेच चालायला लावतात आणि रोजचे चालणे चालूच ठेवायचे असते. त्रास होतो तो एका जागी ताटकळण्याने आणि लांबच्या एसटी प्रवासाने. म्हणून पहिले काही दिवस भाकरीचा ओटा दुसऱ्या कोणाकडे द्यावा आणि वहिनींनी वाढण्याचे, फिरण्याचे काम घ्यावे. इंजेक्शननंतर पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत दुखले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. क्वचित या औषधांची तीव्र ॲलर्जी येते, त्यामुळे ॲड्रेनॅलिन आणि प्राणवायूची सोय असलेल्या ठिकाणीच उपचार घ्यावेत, केवळ जवळ पडते म्हणून कुठेही नको.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटा. लेझर, शस्त्रक्रिया आणि फोम यांपैकी नेमके काय योजनेत बसते ते तीनही नावे घेऊन वेगवेगळे विचारा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. घरात सर्वांना हा धागा वाचून दाखवला आणि आधी खोल शिरांची तपासणी, मग बाकीचे, यावर एकमत झाले. वहिनींची एकच शंका उरली आहे. तपासणी होईपर्यंत घोट्याजवळच्या खाजेसाठी त्या लावत असलेले गजकर्णाचे मलम बंद करावे का, आणि काम करताना अधूनमधून पाय वर घेऊन बसल्याने काही फरक पडेल का?

प्रतिसाद, बालाघाट:

ते मलम बंद करा, बुरशी नसताना त्याचा उपयोग नाही आणि त्यात स्टेरॉइड मिसळलेले असेल तर कातडी आणखी पातळ होईल. साधे सुगंधरहित मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीन दोन वेळा लावावे आणि खाजवणे कटाक्षाने टाळावे, कारण त्या काळवंडलेल्या जागी नखाने निघालेला ओरखडा महिनोन्‌महिने भरत नाही. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर घेऊन दुपारी अर्धा तास पडल्याने सूज नक्की उतरते. स्टुलावर बसून पाय लोंबते ठेवल्याने उतरत नाही. ओट्यापाशी उभे असताना दर थोड्या वेळाने टाचा उचलून खाली टेकवत राहावे. नवा अहवाल आला की खोल शिरांविषयीच्या ओळी जशाच्या तशा इथे लिहा.