मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या क्वेकर सभागृहाची जमीन नावावर कशी करायची?

ओटीवरचा:
मंडळी, उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात क्वेकरांचं (एका ख्रिस्ती पंथाचं) जुनं सभागृह आहे, मागे दफनभूमी. कारभार एरिया मीटिंगच्या (क्वेकरांच्या विभागीय सभेच्या) विश्वस्तांकडे, चॅरिटी कमिशनकडे (धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदणीही आहे. पण लँड रजिस्ट्रीत (जमीनमालकीच्या सरकारी नोंदवहीत) जमीनच नाही. हातात शेवटचा कागद म्हणजे १९५८ चं विश्वस्त-नेमणुकीचं खत. त्यातले सहाही विश्वस्त वारले. मूळ खत सापडत नाही, १९५८ च्या खतात नुसता उल्लेख आहे: 'हजार वर्षांचा पट्टा, भाडं मागितल्यास वर्षाला एक मिरीदाणा', म्हणजे नाममात्र. छताला अनुदान देणारे मालकीचा पुरावा मागतायत. एक सल्ला असा आला की तीनशे वर्षांचा ताबा आहे, ताब्यावरूनच मालकी मागा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दस्तलेखक:
ताब्याचा अर्ज (एसटी१ फॉर्म) अजिबात करू नका. पट्टेदाराचा ताबा हा मालकाच्या परवानगीचा ताबा, तो मालकाविरुद्धचा ('विरोधी') ताबा ठरत नाही. आणि ज्यांच्या नावावर पट्टा आहे ते तुमचेच जुने विश्वस्त. त्याच न्यासाने स्वतःच्याच विश्वस्तांविरुद्ध ताबा सांगायचा, याला अर्थ नाही. चुकून अर्ज मंजूर झालाच तरी 'पझेसरी' (निव्वळ ताब्यावरचा, कच्चा) हक्क मिळेल, तो पक्का करून घ्यायला पुढे १२ वर्षं थांबा.

खरी गाठ विश्वस्तांच्या साखळीत आहे. क्वेकर मीटिंग ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती नाही, म्हणून जमीन पहिल्यापासून माणसांच्या नावावर. (सहा नावं पाहून दचकू नका. जमिनीला जास्तीत जास्त चार विश्वस्त या मर्यादेतून धर्मादाय जमीन १९२५ च्या ट्रस्टी कायद्यानेच वगळली आहे.) एकेक गेला की हक्क उरलेल्यांकडे जातो. सहावा गेला, तेव्हा तो त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांकडे गेला. त्या घरच्यांना बहुधा याचा पत्ताही नसेल, आणि त्यांना शोधत बसायची गरजही सहसा पडत नाही.

१९५८ च्या खतात 'नवे विश्वस्त मीटिंगने नेमावेत' असं कलम आहे का, ते आधी बघा. असेल तर चॅरिटीज कायदा २०११, कलम ३३४ वापरा. मीटिंगमध्ये नेमणुकीचा ठराव करायचा, त्याच्या मेमोरँडमवर (लेखी नोंदीवर) सभा चालवणाऱ्याने सही करायची, हजर असलेल्या दोघांनी साक्ष घालायची. ते डीड (रीतसर खत) म्हणून केलंत तर जमीन वेगळ्या हस्तांतरणाशिवाय नव्या विश्वस्तांकडे येते. क्वेकरांत मतदान नसतं. क्लार्क तिथल्या तिथे मिनिट (निर्णयाची नोंद) लिहून वाचतो आणि सभा ते मान्य करते. हा क्लार्क म्हणजे कारकून नव्हे, सभा चालवणारा तोच. रजिस्ट्रीतल्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सोबतच्या पत्रात दोन ओळींत समजावून सांगा. असं कलमच नसेल तर चॅरिटी कमिशनकडून कलम ६९ खाली आदेश मागा.

एक सापळा आहे. ६ एप्रिल २००९ पासून विश्वस्त नेमणुकीनेच पहिली नोंदणी सक्तीची होते आणि मुदत २ महिने. ती चुकली की कायदेशीर हक्क पुन्हा जुन्याच्या गळ्यात. म्हणून नकाशा, यादी, सगळं तयार झाल्यावरच मेमोरँडमवर तारीख घाला.

ओटीवरचा:
मूळ पट्टाच नसेल तर रजिस्ट्री दारात उभं करेल का? शिवाय चॅरिटी कमिशनच्या नोंदीला काहीच किंमत नाही का?

जुना कागद:
आपल्याकडे महाराष्ट्रात न्यासाच्या पीटीआरला (सार्वजनिक न्यास नोंदवहीला) शेड्यूल वनमध्ये मिळकत चढते, ती सवय इथे सोडा. इथल्या कमिशनची नोंद संस्थेची, जमिनीची नाही.

सगळ्यात आधी 'सिम' शोध टाका, म्हणजे रजिस्ट्रीच्या नकाशावर कोणती जमीन आधीच नोंदली आहे ते पाहणं. शेजाऱ्याने वाट किंवा भिंतीकडेची पट्टी आधीच आपल्या नावावर नोंदवलेली असू शकते, आणि ते अर्जानंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. मग एफआर१ (पहिल्या नोंदणीचा अर्ज), त्यासोबत डीएल फॉर्मवर कागदांची यादी, आणि हरवलेल्या खतांसाठी एसटी३ प्रतिज्ञापत्र: कागद शेवटचे कुठे होते, कुठे कुठे शोधले, ताबा अखंड कसा. 'सापडले नाहीत' एवढंच लिहिलंत तर परत येईल. काउंटी रेकॉर्ड ऑफिस, लंडनच्या फ्रेंड्स हाऊसमधलं ग्रंथालय, जुन्या वकिलांची तिजोरी, सगळं तारखेनिशी लिहा. दफनभूमी बहुतेकदा नंतर, वेगळ्या खताने घेतलेली असते. ती १७३६ नंतरची असेल तर खत सहा महिन्यांत चॅन्सरीत (लंडनच्या एका न्यायालयात) नोंदवावं लागे, म्हणून लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सी ५४ ही त्या नोंदींची मालिका चाळा. १८५० पर्यंत क्वेकर थडग्यांवर दगडच बसवू देत नसत, त्यामुळे दगड दिसतात तिथवरच हद्द असं धरू नका. नकाशा गावात १:१२५०, शिवारात १:२५००, लाल रेघेने.

पट्टा देणाऱ्या मूळ मालकाचा हक्क दाखवता येणार नाही, म्हणून बहुधा 'गुड लीजहोल्ड' (मूळ मालकाच्या हक्काची हमी नसलेला पट्टेदारी हक्क) मिळेल. १९२५ च्या प्रॉपर्टी कायद्याचं कलम १५३ मात्र सोन्यासारखं आहे. मूळ मुदत निदान ३०० वर्षं, उरलेली निदान २००, आणि भाडं पैशात किंमत नसलेलं: असं असेल तर पट्टेदार स्वतःच एका डीडने पट्ट्याचं फ्रीहोल्ड (कायमची पूर्ण मालकी) करू शकतो. मिरीदाण्याला इतका उपयोग क्वचितच येतो! पट्ट्यातल्या अटी तेवढ्या सोबत येतात.

आणि नावं पुन्हा माणसांची घालू नका. फ्रेंड्स ट्रस्ट्स लिमिटेड या क्वेकरांच्या कंपनीला कस्टोडियन ट्रस्टी (फक्त नावावर मालमत्ता धरणारा विश्वस्त) करा. कंपनी मरत नाही, कारभार तुमच्याकडेच राहतो.

ओटीवरचा:
खूप आभार. मिनिटबुकात पट्ट्याचा उल्लेख '११ वा महिना १६८९' असा आहे. रेकॉर्ड ऑफिसात नोव्हेंबर १६८९ चा गठ्ठा पूर्ण पाहिला, काही नाही.

दस्तलेखक:
गठ्ठा चुकला. देवांची नावं टाळायला क्वेकर महिने आकड्यांनी मोजत, आणि १७५२ पूर्वी पहिला महिना मार्च. अकरावा म्हणजे जानेवारी, आजच्या हिशोबाने १६९०. खतावर तारीख राजवटीच्या वर्षात असेल, 'विल्यम आणि मेरी, पहिलं वर्ष' अशी. सूचीत १६८९ आणि १६९० दोन्हींखाली बघा.