जुनी क्रोमोली एमटीबी सायकल: सीटपोस्ट अडकलाय, रंग आधी की पार्ट आधी?

मांजराकाठ (लातूर)
नव्वदच्या सुमाराची क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलची) एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, मिळाली आहे. २६ इंची चाकं, शिमानोचे डिओरे एलएक्स पार्ट, ३×७ गिअर, कँटिलिव्हर ब्रेक. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) मागं ‘पीई’ असा शिक्का आहे. चेन, टायर, केबल बादच झालेत. मागच्या गिअरचा शिफ्टर दाबला की नुसताच जातो, पकडत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटचा दांडा) काही केल्या निघंना. बीबीपाशी (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल बसतो तिथं) गंज आहे. आधी पावडर कोटिंगला टाकावी का पार्ट गोळा करावेत? वापर गावात रोजचा आणि सुटीला शिवाररस्त्यानं.

देवगिरी_२६ (छ. संभाजीनगर)
‘पीई’ म्हणजे मे १९९१. शिमानोच्या शिक्क्यात पहिलं अक्षर वर्षाचं, ‘ए’ म्हणजे १९७६ धरून पुढं मोजायचं, दुसरं महिन्याचं. क्रँक मूळचाच असेल तर सायकलही त्याच सुमाराची.

भाऊ, रंगाचं नाव इतक्यात काढू नका. आधी फ्रेम जगवण्यालायक आहे का ते बघा. हेडट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागं, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाला बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर सायकल समोरून ठोकलेली आहे, तिथंच थांबा. मग एका ड्रॉपआउटपासून (मागच्या चाकाचा एक्सल बसतो ती खाच) दोरा हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. सीटट्यूबपासून (सीटपोस्ट जातो ती नळी) दोन्ही बाजूचं अंतर सारखं भरलं पाहिजे.

आता सीटपोस्ट. क्रँक पुलरनं काढा आणि बीबी सोडवा. बीबीच्या उजव्या कपाचे (छर्रे धरणाऱ्या वाटीचे) आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे विसरून जोर लावला की आटे गेलेच. बीबी निघाली की सायकल उलटी टांगा आणि खालून सीटट्यूबमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. वरून मारलेलं तेल कॉलरपाशीच (सीटपोस्ट आवळणारी कडी) अडतं, म्हणून लोकांचा पोस्ट निघत नाही. चार-पाच दिवस रोज थोडं थोडं सोडत राहा. नंतर पोस्टचं डोकं वर्कशॉपच्या मोठ्या व्हाइसमध्ये आवळा आणि फ्रेमच हँडलसारखी धरून फिरवा. झटका नको, सलग दाब. ‘कट्’ असा आवाज आला की सुटला; मग फिरवत फिरवत ओढा.

गॅसबत्ती लावू नका. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळं तापवलं की पोस्ट आणखी घट्ट बसतो. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी तीनला हे काम काढणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. पहाटे करा, पोस्टमध्ये बर्फ भरा.

खडकाळ_वाट (अंबाजोगाई)
तरी नाहीच निघाला तर कॉस्टिक सोडा. अ‍ॅल्युमिनियम खातो, स्टीलला हात लावत नाही.

देवगिरी_२६
खरंय, पण शेवटचा उपाय म्हणून. हायड्रोजन सुटतो, द्रावण उकळायला लागतं. उघड्यावर, चष्मा-हातमोजे घालून, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. रंगही उतरतो. व्हाइस काय, सोडा काय, नव्या रंगाची वाटच लावणार. म्हणून रंग नंतर म्हणतोय.

निघालेला पोस्ट व्हर्नियरनं मोजा. हे माप ०.२ मिमीच्या पायऱ्यांनी जातं: २६.८, २७.०, २७.२. दुकानदार “बसतंय की” म्हणून ०.२ नं लहान देईल. घेऊ नका, पोस्ट खाली सरकत राहतो आणि आवळून आवळून कॉलरचे कान जवळ येतात.

वाळूज_कोटर (छ. संभाजीनगर)
पावडर कोटिंग वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत होतं. तिथं रोज ग्रिल आणि मशीनचे पत्रे येतात, त्यामुळं तुमची फ्रेमही त्याच जाड वाळूनं ब्लास्ट होईल. चांगल्या क्रोमोली नळीची भिंत मधल्या भागात एक मिमीही नसते. बारीक ग्रिट नाहीतर केमिकलनं रंग काढायला सांगा. ब्लास्टिंग झालं की बीबी शेलच्या आसपास टोचून बघा. गंजानं पडलेलं भोक तेव्हाच दिसतं.

मास्किंग (पावडर नको तिथं झाकणं) त्यांच्यावर सोडू नका. बीबीत जुने कप आटून द्या, बाटलीच्या भोकांत एम-५ चे बोल्ट, डिरेल्युअर हँगरच्या (मागचा गिअर बदलणारा पार्ट लावायच्या जागेच्या) आट्यात एम-१० चा बारीक आट्याचा बोल्ट. हेडट्यूबची तोंडं, सीटट्यूबची आतली बाजू आणि ब्रेकचे खुंट उष्णता सोसणाऱ्या टेपनं झाका. खुंटावर पावडरचा थर बसला की ब्रेकचा हात ओढल्यावर परत येत नाही, आणि लोक स्प्रिंगला दोष देत बसतात.

मांजराकाठ
समजलं. शिफ्टरचं काय? आणि कँटिलिव्हर काढून व्ही-ब्रेक टाकू का?

देवगिरी_२६
शिफ्टर मेला नाही, आतलं ग्रीस वाळून चिकटलंय. खोलू नका, पुन्हा जुळवताना घाम फुटतो. केबल काढा, आत डिग्रीझर स्प्रे मारत लिव्हर दाबत राहा. ‘टक्’ अशी पकड आली की वाळवून पातळ तेलाचे दोन थेंब.

व्ही-ब्रेकला जवळपास दुप्पट केबल ओढावी लागते. जुन्याच लिव्हरवर लावले तर लिव्हर हँडलला टेकेल आणि ब्रेक अर्धवट लागेल. लिव्हर बदलायचे नसतील तर कँटिलिव्हरच ठेवा, फक्त पॅड नवे घ्या. तीस वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. कँटिलिव्हरच्या दोन हातांना जोडणारी आडवी केबल जितकी खाली, तितका जोर जास्त.

छर्रे सगळे नवे टाका, फार पैसे लागत नाहीत. मागच्या हबला पाव इंची, एका बाजूला ९. पुढच्याला ३/१६ इंची, एका बाजूला १०. बीबीला पाव इंची, एका बाजूला ११. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट) खड्डे असतील तर कोनही बदला.

खडकाळ_वाट
टायर घेताना बाजूवर ५५९ आकडा (रिमचं मिमीतलं माप) वाचूनच घ्या. साध्या सायकलचा २६×१⅜ म्हणजे ५९०, या रिमवर बसत नाही. १.९५ इंच रुंदी पुरे. त्याहून रुंद घेतला तर पावसाळ्यात काळी माती चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या नळ्या) ठासून चाक जाम होतं. बाभळीच्या काट्यासाठी ट्यूबमध्ये सीलंट भरा. व्हॉल्व्हची आतली पिन निघणारी ट्यूब मागा, नाहीतर भरणार कुठून.