वेळापत्रकातच भेदभाव दडलेला असेल तर मुख्याध्यापकाने काय करावे?

प्रश्न (नव्या मुख्याध्यापिका)
मुख्याध्यापकपद स्वीकारून मला सात महिने झाले. शाळेत उताराचा मार्ग (रॅम्प) आहे, कठडे बसवलेले स्वच्छतागृह आहे, साधन कक्ष (विशेष गरजा असलेल्या मुलांना वेगळे शिकवण्याची खोली) आणि विशेष शिक्षिकाही आहेत. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नाही. मात्र मागील आठवड्यात सहावीचे आणि साधन कक्षाचे वेळापत्रक शेजारीशेजारी ठेवले, तेव्हा दिसले की अध्ययन अक्षमता असलेल्या तीन मुलांना गणिताच्या पाचपैकी चार तासांना वर्गाबाहेर नेले जाते. गणिताच्या शिक्षकांना विचारले, तर ते सहज म्हणाले, "ती मुले बाईंची आहेत." त्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता, आणि मला तेच जास्त लागले. हे बदलायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर (विशेष शिक्षिका)
मॅडम, त्या "बाई" मीही आहे, फक्त शाळा वेगळी. सर्वांचे वेळापत्रक ठरते आणि उरलेल्या फटींत माझे तास बसवले जातात. आमच्या मुख्याध्यापकांनी हा क्रम उलटा केला: आधी माझे तास, मग इतरांचे. मुले बाहेर येण्याऐवजी मी गणिताच्या वर्गात जाऊ लागले. तरी पहिले दोन महिने मी मागच्या भिंतीला टेकून उभीच होते, कारण सर आज काय शिकवणार हे मला वर्गात गेल्यावरच कळत असे. आठवड्यातून एक तास आम्हा दोघांना एकत्र मोकळा मिळाला, तेव्हा अपूर्णांकांसाठी कागदी पट्ट्या आदल्या दिवशीच कापून ठेवता आल्या. पट्ट्या तीन मुलांसाठी होत्या, मागितल्या निम्म्या वर्गाने. ब्रेल किंवा वाचा-उपचार यांसाठी मुलाला वेगळे घ्यावेच लागते, पण ते मुख्य विषयाचा तास बुडवून नव्हे.

उत्तर (वर्गशिक्षक, सतरा वर्षे)
तत्त्व मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारानुसार वाजवी सोय (त्या व्यक्तीच्या गरजेनुसार केलेला, अवाजवी भार न टाकणारा बदल) नाकारणे हाही भेदभाव ठरतो, आणि त्यातील शिक्षणविषयक कलमावरील 2016 च्या भाष्याने केवळ सामावून घेणे आणि खरे समावेशन यांत स्पष्ट फरक केला आहे: मूल नेहमीच्या वर्गात बसवले, पण शिकवण्याची रीत, साहित्य आणि मूल्यमापन जुनेच ठेवले, तर ते समावेशन नव्हे. परंतु मुख्याध्यापक हे परिपत्रक काढून आमच्यावर सोपवतात आणि त्याच मोकळ्या तासाला बदली तासिकाही देतात. नियोजनाचा तास कोणत्याही कारणाने काढून घेणार नाही, एवढे आपण लेखी द्या. निम्मा विरोध तिथेच मावळेल.

उत्तर (माजी विद्यार्थी, दृष्टिहीन)
प्रयोगशाळेत मला खिडकीजवळचे स्टूल ठरलेले असे. इतर मुले द्रावण तापवत आणि एक जण निरीक्षणे मला वाचून दाखवी. ती मी पाठ करी. गुण चांगले मिळत, म्हणून कोणालाच यात काही खटकले नाही. नववीत नव्या मुख्याध्यापिकांनी एक पूर्ण दिवस माझ्याबरोबर काढला, अगदी मधल्या सुट्टीतही. पुढच्या आठवड्यात बोलणारा तापमापक आला आणि बीकरवर स्पर्शाने कळतील अशा खुणा चिकटवल्या गेल्या. खर्च फारसा नव्हता; पण तोवर कोणी पाहिलेच नव्हते. त्यामुळे निकालाची सरासरी पाहून समाधान मानू नका. त्या तिघांपैकी एकाबरोबर एक दिवस बसा, आणि सहलीच्या यादीत त्यांची नावे आहेत का, तेही पाहा.

प्रश्नकर्त्या मुख्याध्यापिका
सर्वांचे आभार. सहलीची यादी आजच काढली. तिघांपैकी एकाचेच नाव आहे, आणि इतर दोघांच्या पालकांना विचारलेच गेले नव्हते. संमतिपत्रे उद्या त्यांच्या घरी जातील. नियोजनाच्या तासाचे लेखी आश्वासनही देत आहे. सोमवारी मी सहावीत बसणार आहे; गणिताच्या शिक्षकांना तसे सांगितले, तर त्यांनी विचारले, "मग विशेष बाईंनाही त्याच दिवशी बोलावू का?"