मित्राच्या लग्नात ग्रूम्समन : नेमकं काय काय करायचं?

विषय: ग्रूम्समनची तयारी

नमस्कार मंडळी,

जवळच्या मित्राचं लग्न अडीच महिन्यांवर आलंय. आम्ही पाच जण ग्रूम्समन, म्हणजे विधीत नवऱ्या मुलाच्या बाजूने उभे राहणारे मित्र आहोत, त्यातला एक बेस्ट मॅन, म्हणजे त्यांतला मुख्य. पाहुणे साधारण १५०. सूट भाड्याने घ्यायचं चाललंय, पाहुण्यांना जागेवर बसवायचं काम आमच्याकडे आहे आणि एक छोटं भाषण माझ्या वाट्याला आलंय. नेटवरच्या याद्यांमध्ये 'मित्राला साथ द्या' याच्या पुढे काही सापडत नाही. जाणकारांनी कृपया तपशिलात सांगावं : काय, कधी, आणि गडबड कुठे होते?

– स.

*

विषय: उत्तर: ग्रूम्समनची तयारी

स.,

मी फक्त कपड्यांबद्दल लिहितो, कारण निम्मी धावपळ त्यातच होते आणि ती सगळी आधी टाळता येते.

मापं याच आठवड्यात घ्या. भाड्याच्या सुटांची ऑर्डर लग्नाच्या सहा ते आठ आठवडे आधी गेलेली बरी. मापं शिंप्याने किंवा दुकानातल्या माणसानेच घ्यावीत. स्वतःचं बाहीचं माप स्वतः घेता येत नाही, कारण टेप धरायला हात वाकवला की अंतरच बदलतं. छाती, गळा, बाही, कंबर, सीट (नितंबांचा घेर), पायाची आतली लांबी, उंची आणि बुटाचा नंबर एवढं लागतं. पँटची लांबी लग्नात घालायचे तेच बूट पायात घालून मोजा. आणि जीन्सवर छापलेला कमरेचा आकडा कुणीही पाठवू नये. जीन्स कमरेच्या खाली बसते, सुटाची पँट वर बसते, शिवाय छापील आकडा आणि खरी टेप यांत बऱ्याचदा फरक असतो.

पाचही सूट एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे घ्या. 'नेव्ही ब्लू' पाच ठिकाणांहून आणले तर खोलीत सारखे दिसतात, पण उन्हात किंवा फ्लॅशमध्ये एक जांभळट मारतो आणि दुसरा काळपट. कापडातलं लोकर-पॉलिएस्टरचं प्रमाण आणि रंगाचा लॉट वेगळा असल्यामुळे असं होतं, आणि फोटोत ते लपत नाही.

सूट किमान तीन दिवस आधी ताब्यात घ्या, आणि शर्ट-बुटांसकट दुकानातच घालून बघा. आधी खांदे बघायचे. शिवण तुमचा खांदा संपतो तिथेच संपली पाहिजे. खांदा चुकला तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता सरळ दुसरा कोट मागायचा. बाही आणि पँटची लांबी मात्र एका दिवसात कमी-जास्त होते. हात सरळ सोडल्यावर शर्टाचा कफ कोटाबाहेर १ ते दीड सेंटिमीटर दिसावा. मागे कॉलर आणि मान यांच्यात फट नको.

कुणी नवा सूट घेत असेल तर कोटाच्या मागच्या कटावर फुलीसारखा कच्चा टाका असतो आणि बाहीवर कंपनीचं लेबल असतं. दोन्ही उसवून काढायचं असतं, तरी ते तसंच ठेवून आलेले लोक प्रत्येक लग्नात दिसतात. बाहेरचे खिसे शिवलेले असतील तर तसेच राहू द्या, म्हणजे त्यात फोन जाणार नाही. आतला एक खिसा तेवढा उघडा.

दोन बटणांच्या कोटाचं वरचंच बटण लावायचं, तीन असतील तर मधलं. वेस्टकोटचं सगळ्यात खालचं उघडं ठेवायचं. बसताना कोट उघडायचा, उभं राहताना लावायचा, आणि हे पाचही जणांनी करायचं. टायचं टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावं. पाचही गाठी एकाच प्रकारच्या हव्यात, म्हणून चांगली गाठ मारणाऱ्या एकानेच सगळ्यांच्या माराव्यात आणि वेळापत्रकात त्याला वीस मिनिटं द्यावीत.

बूट नवे असतील तर आठवडाभर घरात घालून फिरा आणि तळव्यावर सँडपेपर मारा. चामड्याचा कोरा तळवा गुळगुळीत फरशीवर घसरतो.

– अ.

*

विषय: उत्तर: ग्रूम्समनची तयारी

नमस्कार,

अ. दादांनी कपडे छान सांगितले. मी लग्नांच्या नियोजनाचं काम करते, म्हणून त्या दिवसाबद्दल लिहिते.

एकच गोष्ट मनाशी धरा : लग्नाच्या दिवशी एकही प्रश्न नवऱ्या मुलापर्यंत पोहोचता कामा नये. फुलवाला आला का, गाडी कुठे लावायची, कुणाला तरी रस्ता सापडत नाहीये, हे सगळं तुमच्यापैकी कुणीतरी आधीच अडवायचं. त्यासाठी त्याचा फोन सकाळपासून एका ग्रूम्समनकडे द्या आणि फोटोग्राफर, हॉल, गाडी, फुलं, संगीत या सगळ्यांना याच माणसाचा नंबर आदल्या दिवशी कळवा.

वेळापत्रक विधीच्या वेळेपासून उलटं मोजत या. विधी ३ वाजता असेल तर पाहुणे सव्वादोनपासून येऊ लागतात, म्हणजे बसवणाऱ्यांनी २ वाजता दाराशी हवं. त्याआधी फोटोंचा तास-सव्वा तास. म्हणजे पाऊण वाजता सगळे तयार, बाराला कपडे चढवायला सुरुवात आणि साडेअकराला पोटभर खाणं. हे खाणंच सगळ्यात आधी वगळलं जातं. ते वगळू देऊ नका, कारण पुढे तीन-चार तास कुणाला काही मिळत नाही.

कोटावरचं फूल डाव्या लॅपलवर (कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर) लावायचं, देठ खाली. टाचणी लॅपलच्या मागून आत घाला, देठावरून तिरकी न्या आणि पुन्हा कापडात शिरवून टोक मागेच ठेवा. पुढून टाचणी दिसता कामा नये. नुसती एक टाचणी सरळ खाली घातली तर फूल गोल फिरतं आणि तासाभरात उलटं लोंबतं. देठ लांब असेल तर दुसरी टाचणी लावा. हल्ली चुंबकाची फुलंही मिळतात. ती सोयीची असली तरी ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांना, म्हणजे बहुधा घरातल्या ज्येष्ठांना, ती अजिबात लावू नका. फुलं शेवटपर्यंत गारव्यात ठेवा आणि दोन जादा मागवा. मिठ्या मारताना पहिलं फूल चुरगळतं ते नवऱ्याचंच.

अंगठ्या बेस्ट मॅनकडे, कोटाच्या आतल्या बटणाच्या खिशात, छोट्या कापडी पिशवीत. आदल्या दिवशी त्या खिशात बोट घालून अस्तर कुठे उसवलंय का बघा. भाड्याच्या कोटात हे होतं, आणि मग अंगठी अस्तरातून कोटाच्या तळाशी जाऊन बसते. डबा घेऊन उभं राहू नका, खिसा फुगतो. आपल्या बोटातही घालू नका. उकाड्यात बोटं सुजतात आणि ऐन वेळी ती निघत नाही. लहान मूल उशीवर अंगठ्या घेऊन येणार असेल तर उशीवर खोट्या बांधा. खऱ्याच हव्या असतील तर सुरगाठ मारा. निरगाठ बसली की सगळ्यांसमोर नखाने सोडवत बसावं लागतं.

पाहुणे बसवायला ५० माणसांमागे एक जण, म्हणजे १५० ला तिघे पुरतील. चौथा नवऱ्यासोबत, पाचवा दाराबाहेर गाड्यांकडे आणि वाट चुकलेल्यांकडे. पुढच्या दोन रांगांतल्या खुर्च्यांवर नावं लावून ठेवा, नुसतं 'राखीव' लिहिलेलं लोक उचलून बाजूला ठेवतात. बाकीच्यांना पुढून मागे भरत न्या. लोक आपणहून मागे बसतात आणि मग पुढे रिकाम्या खुर्च्यांचा पट्टा फोटोत येतो. गुडघे दुखणाऱ्यांना मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची, तान्ही मुलं असणाऱ्यांना मागच्या दाराजवळची. व्हीलचेअरसाठी रांगेच्या टोकाची खुर्ची आधीच काढून ठेवा, माणूस आल्यावर काढायला लावणं बरं दिसत नाही. वधूची मंडळी मधल्या वाटेने आत यायला लागली की उशिरा आलेल्यांना दाराबाहेर थांबवा आणि वधू पुढे पोहोचल्यावर कडेच्या वाटेने आत सोडा.

उभं राहण्याची जागा आणि क्रम तालमीत ठरवा. बेस्ट मॅन नवऱ्याच्या शेजारी, मग बाकीचे. हात पाचही जणांचे सारखे हवेत, पुढे एकावर एक, कुठला हात वर हेही ठरवून. नजर जोडप्याकडे. फोन सायलेंटवर नको, बंदच ठेवा किंवा जवळ बाळगूच नका. थरथरण्याचा आवाज माइकमध्ये येतो. घड्याळ स्मार्ट असेल तर त्याचाही पडदा बंद करा.

एक शेवटचं : गुडघे ताठ करून उभं राहू नका. त्याने भोवळ येते.

– मा.

*

विषय: उत्तर: ग्रूम्समनची तयारी

दादा, ताई, मनापासून आभार. हे सगळं बाकीच्या चौघांना पाठवतोय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भोवळ का येते, आणि एखाद्याला आलीच तर काय करायचं? आणि भाषणाचं काय? तीन मिनिटं सांगितली आहेत.

– स.

*

विषय: उत्तर: ग्रूम्समनची तयारी

स.,

आधी भोवळ. पायांतलं रक्त वर ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. ते चालताना आकसतात तेव्हा शिरांमधलं रक्त हृदयाकडे जातं. वीस-पंचवीस मिनिटं न हलता उभं राहिलं की रक्त खाली साचतं आणि मेंदूला पुरवठा कमी पडतो. त्यात गरम सूट, घट्ट कॉलर, रिकामं पोट, कमी पाणी आणि आदल्या रात्रीचं जागरण. गुडघे मागे ताठ केले की पायांची उरलीसुरली हालचालही थांबते. म्हणून गुडघे किंचित सैल ठेवा, बुटाच्या आत बोटं हलवत राहा, मिनिटा-दोन मिनिटांनी पोटऱ्या आवळून सोडा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या. बाहेरून काहीच दिसत नाही. सकाळपासून थोडं थोडं पाणी पीत राहा.

पडण्याआधी खुणा मिळतात : जांभया, घाम, मळमळ, कान दडपणं, डोळ्यांसमोर अंधारी. त्याच क्षणी दोन पावलं मागे जाऊन खाली बसायचं. लाजून उभं राहिलेला माणूस सरळ तोंडावर आपटतो. शेजाऱ्याने त्याचा दंड धरून बसवावं, किंवा आडवं करून पाय उंच करावेत, कॉलर सैल करावी. आडवं झालं की माणूस मिनिटभरात शुद्धीवर येतो, पण लगेच उठवायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं. शुद्ध लवकर आली नाही, छातीत दुखत असेल किंवा डोक्याला मार लागला असेल तर वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा.

आता भाषण. सावकाश बोलल्यास मिनिटाला ११०-१२० शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांना साडेतीनशे. हशा आणि टाळ्या धरून तीनशेच लिहा. तीन मिनिटांचं भाषण सहा मिनिटांवर जातं ते ऐन वेळी भर घातल्यामुळे. आधी तुम्ही कोण ते एका वाक्यात, मग मित्राचा एकच गुण आणि तो दाखवणारा एकच प्रसंग, मग त्याच्या जोडीदाराबद्दल दोन-तीन स्वतंत्र वाक्यं, आणि शेवटी ग्लास उंचावणं. जोडीदाराचा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. निम्मी खोली तिच्या बाजूची असते आणि त्यांना तुमच्या मित्राचे शाळेतले पराक्रम ऐकून फारसं काही मिळत नाही. जुनी प्रेमप्रकरणं, पैसा, दारूचे किस्से आणि चौघांनाच कळणारे विनोद काढून टाका. आजीआजोबांसमोर वाचता येणार नाही असं वाक्य राहता कामा नये.

फोनवरून वाचू नका. पडदा विझतो, आणि त्याचा उजेड खालून चेहऱ्यावर पडतो. जाड कार्डांवर मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला लिहा आणि क्रमांक घाला.

माइकची गफलत जवळजवळ प्रत्येक लग्नात होते, म्हणून नीट सांगतो. तो दांड्याला धरायचा. वरची जाळी मुठीत धरली की त्याची एका दिशेने ऐकण्याची रचना बिघडते, तो सगळीकडचा आवाज घेतो आणि शिट्टी वाजते. हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून मूठभर अंतरावर धरा. मान वळवलीत तर माइकही सोबत वळला पाहिजे. स्पीकरच्या समोर उभं राहू नका. त्यातून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि त्याचीच शिट्टी होते. पाहुणे यायच्या आधी एकदा तुमच्या जागेवरून बोलून बघा आणि चालू-बंदचं बटण कुठे आहे ते पाहून ठेवा.

एका हातात माइक, दुसऱ्यात कार्डं, मग ग्लासला हात उरत नाही. ग्लास हाताशी असलेल्या टेबलावर ठेवा, शेवटच्या वाक्याआधी कार्डं खाली ठेवा आणि मग तो उचला. पाहुण्यांचे ग्लास भरलेत का हे उठण्याआधी वाढणाऱ्यांना विचारा. 'आपण सगळे ग्लास उंचावू या' हे स्पष्ट म्हणायचं, नाहीतर लोक नुसते बघत बसतात.

– वि. काका

*

विषय: उत्तर: ग्रूम्समनची तयारी

काकांच्या मेलला जोडून थोडं.

एक पिशवी भरून ठेवा : सेफ्टी पिना, पांढरा-काळा दोरा आणि सुई, शर्टाची जादा बटणं, कात्री, दुतर्फी चिकटपट्टी (सुटलेली पँटची दुमड दोन मिनिटांत बसते), कपड्यांवरचे केस काढायचा रोलर, जखमेवर लावायच्या पट्ट्या, बुटाच्या नाड्या, मोज्यांचा एक जोड, टिश्यू, पाणी, बिस्किटं, चार्जर. ती खोलीत न ठेवता एका माणसाच्या ताब्यात द्या.

घरच्यांच्या फोटोंसाठी यादी आधी करा आणि दोन्हीकडचे चेहरे ओळखणारा एक जण फोटोग्राफरशेजारी उभा करा. एका गटाला तीन मिनिटं धरा. दहा गट म्हणजे अर्धा तास. पुढच्या गटाला आधीच बाजूला आणून ठेवलं तरच हे जमतं.

नोंदणीत तुमच्यापैकी कुणी साक्षीदार असेल तर किती जण लागतात आणि कुठलं ओळखपत्र चालतं, हे आत्ताच विचारा.

बॅचलर पार्टी आदल्या रात्री नको, किमान आठवडाभर आधी. खर्चाचा आकडा ठरवण्याआधी बेस्ट मॅनने प्रत्येकाला वेगवेगळं विचारावं की किती झेपेल, आणि सगळ्यात कमी आकड्यावर बेत आखावा. गटात विचारलं की ज्याला झेपत नाही तोही हो म्हणतो. पैसे आधी जमा करा, नंतर मागणं फार अवघड जातं.

रात्री आहेराची पाकिटं आणि भेटी एका बंद खोलीत किंवा घरच्यांच्या गाडीत पोहोचवा. पाकिटांची पेटी दाराशी तशीच राहू देऊ नका. हे काम नाव घेऊन एकाला द्या.

आणि भाड्याचे सूट दुसऱ्या दिवशी परत करायचे असतात. नवरा तोवर निघून गेलेला असतो, म्हणून त्याचाही सूट तुम्हीच घ्यायचा. प्रत्येकाचा सूट नाव लिहिलेल्या पिशवीत घाला, खिसे तपासा, कफलिंक्स आणि वेस्टकोट मोजा, आणि दुकानातून परतीची पावती घेऊन ठेवा.

– मा.